नराधम कोणाला म्हणावं?

मराठी घरात सहसा कोणी कोणाला 'नराधम' म्हणत नाही. संतापाच्या भरात आपण हरामखोर म्हणतो, नालायक म्हणतो, सैतान म्हणतो. गावाकडची आजी 'मुडदा बशिवला मेल्याचा' म्हणून मोकळी होते. 'नराधम' हा शब्द बोलण्यात कमी आणि छापण्यात जास्त. वर्तमानपत्राचा मथळा, वृत्तवाहिनीची लाल पट्टी आणि मोर्चातला फलक ही त्याची आजची ठिकाणं. त्याआधी तो पौराणिक नाटकांत होता, वगांत होता. नायक तलवार उपसून 'नराधमा!' अशी आरोळी ठोकायचा. मथळ्यांत त्याच्या सोबतीला येणारे शब्दही आता ठरून गेले आहेत: नराधमाला अटक, नराधमाला जन्मठेप, नराधमाला फाशी द्या. गुन्हेही जवळपास ठरलेले. बलात्कार, लहान मुलांवरचा लैंगिक अत्याचार, त्यानंतर केलेला खून. औषधात भेसळ करून माणसं मारणाऱ्याला किंवा धरणग्रस्तांच्या मोबदल्यावर डल्ला मारणाऱ्याला आपण क्वचितच नराधम म्हणतो. भाषेतला हा सगळ्यांत जड निंदाशब्द आपण एका ठरावीक कामासाठी राखून ठेवला आहे. जुन्या ग्रंथांत तो याहून बराच मोठा पल्ला गाठत होता.

शब्द दोन भागांचा आहे, नर आणि अधम. 'अधस्' म्हणजे खाली, आणि 'अधम' म्हणजे सगळ्यांत खालचा. 'उत्तम' त्याच्या बरोबर उलट. 'उद्' म्हणजे वर, त्याला 'तम' लागून सगळ्यांत वरचा. उत्तम, मध्यम, अधम ही उतरंड संस्कृत शास्त्रांत जागोजागी भेटते. नाट्यशास्त्रात पात्रांच्या प्रकृती याच तीन पायऱ्यांवर लावलेल्या आहेत, आणि शेती उत्तम, व्यापार मध्यम, नोकरी कनिष्ठ ही आपली जुनी म्हणही त्याच साच्यातली. 'नर' म्हणजे इथे माणूस. आजच्या मराठीत नर म्हटलं की नर-मादी आठवते, पण नरदेह म्हणताना आपण अजूनही बाई आणि पुरुष दोघांचा देह धरतो. नरांमध्ये जो अधम, तो नराधम. नरोत्तम, नरश्रेष्ठ, नरवीर हे त्याचे भाऊबंद. त्यातलं नरोत्तम हे नाव लोक मुलांना ठेवतात, आणि नरवीर म्हटलं की पुढे तानाजीच आठवतो.

या विग्रहात एक गोष्ट दडलेली आहे, आणि माझ्या मते या शब्दाची सगळी किंमत तीत आहे. माणसांमध्ये सगळ्यांत खालचा ठरायला आधी माणसांत मोजलं जावं लागतं. राक्षस, सैतान, हैवान, लांडगा, पशू हे शब्द दुष्कर्म करणाऱ्याला माणसांच्या गणतीतून उचलून बाहेर टाकतात. नराधम त्याला गणतीत ठेवतो आणि शेवटी बसवतो. राक्षसाचा वध होतो, पिसाळलेल्या जनावराला गोळी घालतात. जाब मात्र माणसालाच विचारता येतो. हा करू नये ते करण्याइतका मोकळा होता, त्याला कळत होतं, तरी त्याने केलं, एवढं सगळं 'नर' या दोन अक्षरांत गृहीत धरलेलं आहे.

भगवद्गीतेत हा शब्द दोनदा येतो, सातव्या अध्यायाच्या १५व्या श्लोकात आणि सोळाव्याच्या १९व्या. सातव्यात तो दुष्कर्म करणाऱ्या, मायेने ज्ञान हिरावून नेलेल्या माणसांसाठी आहे. सोळाव्या अध्यायात त्याचं चित्र तपशिलाने रंगवलं आहे, कारण तो अध्यायच दैवी आणि आसुरी वृत्तींचा. आसुरी वृत्तीची लक्षणं म्हणून तिथे दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोरपणा आणि अज्ञान अशी सहा मोजली आहेत. त्यात चोरी नाही, खून नाही, व्यभिचार नाही. पुढे या माणसाचं मनातलं बोलणं येतं. आज एवढं मिळवलं, उद्या तेवढं मिळवीन. हा शत्रू मारला, बाकीचेही मारीन. मी श्रीमंत आहे, मोठ्या कुळातला आहे, माझ्यासारखा दुसरा कोण. यज्ञ करीन, दानही देईन. गीतेचा नराधम असा यज्ञ करणारा, देणग्या देणारा, पंक्तीत मानाच्या पाटावर बसणारा गृहस्थ आहे. आपल्या मथळ्यातला नराधम तोंडावर काळा बुरखा घालून पोलिसांच्या गाडीतून उतरतो. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की शब्दाचा पल्ला किती आखडला आहे हे दिसतं.

सत्तेच्या खुर्चीतला अधम मराठी रंगभूमीने मात्र ओळखला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगमंचावर आलं. कीचक हा विराट राजाचा मेहुणा आणि सेनापती. दासी म्हणून राहिलेल्या द्रौपदीवर त्याची नजर, आणि राजाच्या सभेत सगळे त्याला वचकून. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि द्रौपदीत हा देश. इंग्रज सरकारलाही तेच दिसलं आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. राजदरबारी असलेल्या माणसाला नराधम ठरवणं सत्तेला किती झोंबतं, याचा हा पुरावा.

संस्कृतात दुर्जनांवर सगळ्यांत बारकाईने लिहिणाऱ्यांत भर्तृहरी आहे. त्याच्या नीतिशतकाचं मराठी रूप सतराव्या शतकात वामन पंडितांनी केलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आलं. एका श्लोकात भर्तृहरी माणसांचे चार वर्ग लावतो. स्वतःचं नुकसान सोसून दुसऱ्याचं काम करणारे ते सत्पुरुष. आपलं हित सांभाळून दुसऱ्याचंही करणारे ते सामान्य. आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याचं वाटोळं करणारे ते माणसातले राक्षस. इथपर्यंत प्रत्येकाला नाव मिळतं. चौथा वर्ग, कसलाही लाभ नसताना दुसऱ्याचं नुकसान करणारा. आणि तिथे आला की भर्तृहरी थांबतो, यांना काय म्हणावं ते आम्हाला ठाऊक नाही असं सांगून श्लोक संपवतो. शब्दप्रभू कवी हात टेकतो ही माझ्या दृष्टीने फार मोठी प्रामाणिकता आहे. लोभासाठी केलेलं पाप समजतं, कारण लोभ आपल्यातही आहे. दलितांच्या पाणवठ्यात घाण टाकणारा, अनोळखी मुलीचं चित्र विकृत करून पसरवणारा, गल्लीतल्या कुत्र्याच्या अंगावर उकळतं पाणी ओतणारा यातून काय मिळवतो? नराधम हा शब्द इथे वापरावासा वाटतो, पण तो निदान नाही. तो फक्त पायरी सांगतो.

महाभारतात योद्धे एकमेकांना पुरुषाधम, कुलाधम, नराधम अशी दूषणं सर्रास देतात. त्या सगळ्या रक्तपातात ज्याला कुणाचंच मन माफ करत नाही असं कृत्य अश्वत्थाम्याचं आहे. युद्ध संपल्यावर रात्री पांडवांच्या छावणीत शिरून त्याने झोपलेल्यांना मारलं, द्रौपदीचे पाचही मुलगे मारले, आणि वर उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडलं. त्याला मृत्युदंड झाला नाही. कपाळावरचा मणी काढून घेतला गेला, आणि कृष्णाने शाप दिला की तीन हजार वर्षं पू आणि रक्ताचा वास अंगावर वागवत, कोणाशी बोलायला न मिळता तो एकटा भटकेल. मराठी मुलखात तो अजून भटकतो आणि जखमेसाठी तेल मागतो अशी समजूत आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या रांगेत धडगाव तालुक्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे. ते अश्वत्थाम्याचं स्थान मानतात, आणि दिवाळीत तिथे मोठी यात्रा भरते. आदिवासी भाविक रात्रीच्या चढणीने वर जातात. ज्याच्या कृत्याला तोड नाही अशा माणसाला लोकांनी विसरून टाकलं नाही, त्याचा उदोउदोही केला नाही. त्याला डोंगरावर जागा दिली, त्याच्या जखमेला तेल दिलं. नराधमातल्या 'नर' या भागाशी लोकांनी स्वतःच्या पद्धतीने राखलेलं हे नातं मला एखाद्या शास्त्रग्रंथाइतकं महत्त्वाचं वाटतं.

ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशाला गीतेवरची टीका पूर्ण केली. सोळाव्या अध्यायातल्या आसुरी माणसाचं वर्णन त्यांनी सौम्य केलेलं नाही. उलट दंभ कसा दिसतो, दर्प कसा बोलतो हे मूळ श्लोकांपेक्षा कितीतरी विस्ताराने सांगितलं. गीता अशा माणसांना पुन्हा पुन्हा आसुरी योनीत टाकलं जातं असं म्हणते, त्याचंही विवरण त्यांनी केलं. पण ग्रंथ संपताना त्यांनी मागितलेल्या पसायदानात पहिलं मागणं खळांसाठी आहे. खळ मरोत, असं ते मागत नाहीत. त्यांचा वाकडेपणा गळून जावा आणि त्यांना चांगल्या कर्माची गोडी लागावी, एवढंच मागणं. महाराष्ट्रातल्या शाळांत मुलं ही प्रार्थना रोज म्हणतात. तिच्यातला हा अर्थ किती धाडसी आहे, तो त्यांना कोणी थांबून सांगायला हवा.

हे मागणं नुसतं कवीचं राहिलं नाही. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रिडमन यांच्या सल्ल्याने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत १९३९ साली उभी केली. भिंत नसलेला तुरुंग. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा भोगणारे लोक तिथे शेती करत राहिले. माणदेशात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट केला. त्यातले सहाही जण खुनी आहेत. आजच्या मथळ्याने त्या सहाही जणांवर नराधमाचाच शिक्का मारला असता. स्वतंत्रपूरची वसाहत अजून चालू आहे. निवडक बंदी तिथे कुटुंबासह राहतात. प्रत्येक गुन्हेगार असा सुधारतो असं मी म्हणणार नाही. काहींपासून समाजाला कायम वाचवावं लागतं. पण सुधारण्याची शक्यता माणसाचीच असते, आणि ती शक्यता या शब्दाच्या पोटात आहे.

आता या शब्दाच्या शेजाऱ्यांकडे वळू, कारण काही शेजारी कृत्यावरून ठरत नाहीत, जन्मावरून ठरतात.

'चांडाळ' घ्या. क्रूर, निर्दय माणसाला आपण चांडाळ म्हणतो; वाईट मित्रमंडळाला चांडाळचौकडी म्हणतो आणि हसतो. मूळ शब्द एका समाजाचं नाव आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्र पिता आणि ब्राह्मण माता यांच्या संततीला हे नाव दिलं, आणि त्यांची वस्ती गावाबाहेर असावी असं ठरवलं. कुणी काय केलं याचा तिथे प्रश्नच नाही. शतकानुशतकं ज्यांना गावाबाहेर ठेवलं, त्यांचंच नाव आपण क्रौर्याचा प्रतिशब्द म्हणून वापरत राहिलो, क्रौर्य खरं तर त्यांच्यावर होत असताना. बंगालमधल्या नामशूद्रांना हे नाव सरकारी कागदोपत्री चिकटवलं होतं. त्याविरुद्ध त्यांनी दीर्घकाळ लढा दिला आणि १९११च्या जनगणनेपर्यंत ते पुसायला लावलं. मराठी लेखणीतून हा शब्द शिवी म्हणून आता कायमचा जायला हवा. त्याची जागा घेणारे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत.

'भामटा' आणखी जवळचा. भामट्याने वृद्धेला गंडा घातला, तोतया अधिकारी भामटा गजाआड, अशा बातम्या रोज येतात. आणि महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा आणि राजपूत भामटा ही समाजांची नावं आहेत. त्या समाजातलं शाळकरी पोर जातीचा दाखला काढायला तहसील कचेरीत जातं तेव्हा आपल्या जातीचं नाव लिहितं; संध्याकाळी घरी येऊन वर्तमानपत्र उघडतं तेव्हा तेच नाव ठकाला दिलेलं असतं. हे नुसत्या भाषेने केलं नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, पुढे मुंबई इलाख्यातही आला. त्या कायद्याखाली जमातच्या जमात नोंदली जाई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती होत्या, त्यांना लोक सेटलमेंट म्हणत. मूल जन्मतःच संशयित. देशभरात हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिलं, जे नाव समाजाने त्यांच्या लोकांवर थुंकल्यासारखं टाकलं होतं. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरी भामटा हा शब्द ठकासाठी आजही तसाच छापला जातो. ठक, लबाड, फसवणूक करणारा, यांतला कुठलाही शब्द त्या जागी चालतो.

याची दुसरी बाजू पाहा. जो खरंच वस्तीला धाकात ठेवतो, हप्ते गोळा करतो, माणसं उचलून नेतो, त्याला आपण काय म्हणतो? दादा. भाई. थोरल्या भावाचं नाव. महाराष्ट्राने १९८१ साली अशांना स्थानबद्ध करायला कायदा केला, त्यालाही लोकांच्या तोंडी नाव पडलं झोपडपट्टीदादा कायदा. दुबळ्यांच्या जातीचं नाव शिवी झालं आणि बळकट गुंडाला घरातलं मानाचं नाव मिळालं. भीती भाषेला वाकवते, ती अशी.

बायकांच्या बाबतीत तर अधमपणाची मोजपट्टीच वेगळी निघते. नराधमाचं स्त्रीलिंगी रूप मराठीत रुळलेलं नाही. वाईट बाईसाठी जे शब्द आहेत ते पाहा: कुलटा, छिनाल, बाजारबसवी, अवदसा, कैदाशीण, चेटकीण. कुलटा म्हणजे घराघरांतून फिरणारी. पुरुष अधम ठरतो तो त्याने दुसऱ्यावर काय केलं यावरून. बाई ठरते ती स्वतःच्या देहाबद्दलच्या संशयावरून, किंवा तिच्यामुळे घरावर संकट येतं या समजुतीवरून. 'रांड' हा शब्द विधवेसाठीही आणि वेश्येसाठीही एकच, म्हणजे नवरा मरणं हेच दुराचरणाच्या शेजारी नेऊन बसवलं. तशाच वागण्याच्या पुरुषासाठी आपल्याकडे रंगेल, छंदीफंदी असे जवळपास कौतुकाचे शब्द आहेत.

यावर मराठीत पहिला घणाघात एका बाईनेच केला. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला स्वतःचं नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. शिक्षा पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून विधवांच्या, आणि एकूणच बायकांच्या, नीतिभ्रष्टतेवर लेख सुरू झाले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून उलट प्रश्न केला: जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत त्याहून अधिक नाहीत काय? त्या विधवेला त्या अवस्थेत कोणी आणलं, तो पुरुष कुठे आहे? लोकांनी त्यांना झोडपलं. महात्मा फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. फुल्यांनी तर त्याआधीच, १८६३ मध्ये, पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे गुपचूप बाळंत होता येई. कुलटा म्हणून हाकलून देणारा समाज आणि दार उघडणारं ते घर एकाच पुण्यात होतं.

कायद्यालाही अधमपणाचं मोजमाप करावं लागतं, आणि त्याची पंचाईत पाहण्यासारखी आहे. सरकारी मराठीत 'नैतिक अधःपतनाचा अपराध' असा शब्दप्रयोग आहे. त्यात तोच 'अधस्' आहे, खाली पडणं. असा अपराध सिद्ध होऊन किमान दोन वर्षांची शिक्षा झाली असेल तर पुढची पाच वर्षं पासपोर्ट नाकारता येतो. वकिलीची सनद अडते. सरकारी नोकरी जाते. इतकं सगळं ज्यावर अवलंबून, त्या नैतिक अधःपतनाची व्याख्या कायद्यात दिलेली नाही. हरियाणातल्या पवन कुमार नावाच्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याला सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील वर्तनाच्या कलमाखाली २० रुपये दंड झाला होता. तेवढ्यावरून नैतिक अधःपतन ठरवून त्याला नोकरीवरून काढलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की कृत्य मुळातच नीच, हीन, भ्रष्ट असेल किंवा त्यातून तसा भ्रष्टपणा दिसत असेल तर त्याला हे नाव द्यावं. प्रत्येक शिक्षा म्हणजे अधःपतन होत नाही. त्याला नोकरीवरून काढणं चूक होतं. २० रुपयांच्या दंडावर एका माणसाला अधम ठरवून टाकणारी यंत्रणा आपल्याकडे होती, हे मला विसरता येत नाही.

दुसऱ्या टोकाला फाशीची प्रकरणं. १९८० च्या बचन सिंग खटल्यात घटनापीठाने ठरवलं की फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच द्यावी, आणि गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही पाहावं. तो सुधारणारच नाही, हे सरकारने दाखवावं लागतं. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन आरोपीचं बालपण, मनःस्थिती, तुरुंगातलं वर्तन यांची माहिती खटल्याच्या पातळीवरच गोळा करायला सांगितलं. न्यायाधीशांसमोर नराधम उभा राहत नाही, एक माणूस उभा राहतो, ज्याने भयंकर काहीतरी केलेलं आहे. बळी पडलेल्यांचा यात काहीही अपमान नाही. उलट शिक्षा पक्की टिकावी म्हणूनच हे सगळं करावं लागतं.

आणि मथळा? तो बहुतेकदा अटकेच्या दुसऱ्या दिवशी येतो. तेव्हा आरोपपत्रसुद्धा दाखल झालेलं नसतं. उद्या तो निर्दोष सुटला तर शब्द मागे घेण्याची रीत आपल्याकडे नाही. पण यापेक्षाही मोठं नुकसान वेगळंच आहे. नराधम म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे अंधाऱ्या बोळातला अनोळखी माणूस येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्यूरोचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, शिकवणीचे सर, घरात येणंजाणं असलेला काका, लग्नाचं आमिष दाखवणारा मित्र. शब्दातला राक्षसी चेहरा आपल्या ओळखीच्या कोणाशीच जुळत नाही, म्हणून मूल काही सांगू लागलं की आई म्हणते, ते तसे नाहीत गं. गावात त्यांना मान असतो, गणपतीची वर्गणी तेच सगळ्यांत जास्त देतात. सोळाव्या अध्यायातला माणूस असाच तर होता.

म्हणून पत्रकार मित्रांना आणि समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. खटला चालू असेपर्यंत आरोपी लिहा, गुन्हा शाबित झाला की दोषी लिहा. त्याने काय केलं ते स्पष्ट लिहा, कलम लिहा, पीडितेचं त्याच्याशी काय नातं होतं ते तिची ओळख उघड न करता लिहा. त्यानंतर, सगळं सिद्ध झाल्यावर, नराधम म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मग तो शब्द पूर्ण वजनाने पडेल. आणि तो मंत्रालयात बसलेल्यालाही लागू करा, औषधाच्या कारखान्याच्या मालकालाही लागू करा, देवळाच्या विश्वस्तालाही लागू करा. जातीची नावं मात्र सोडून द्या.

घरातल्या मोठ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा कलम १९ मध्ये सांगतो की अशा अपराधाची माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवलीच पाहिजे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कुठलीही कारवाई होत नाही. माहीत असून गप्प बसणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, मग गुन्हेगार सख्खा भाऊ असो की सासरा. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे, आणि तो दिवसरात्र लागतो.